नंद लोहाराची वाट कुठे गेली?

१९३४ साली परमपूज्य बाबासाहेब चळवळीतील सुमारे तीस सहकाऱ्यांना घेऊन वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले. वाटेत निजामाच्या राज्यातला दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाने सगळ्यांचे चेहरे आणि कपडे धुळीने माखले होते. किल्ल्याच्या दाराशी पाण्याने भरलेले एक छोटे तळे होते, भोवती दगडी फरसबंदी होती. मंडळींनी तिथे हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारले आणि आत जायला दाराशी आली. तेवढ्यात मागून एक म्हातारा ओरडत आला की, अस्पृश्यांनी तळे बाटवले. माणसे जमली, शिवीगाळ झाली, प्रकरण हातघाईवर येते की काय असे झाले. अखेर आत सोडले ते एका अटीवर, की किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही. पाळत ठेवायला एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा सात वर्षे होऊन गेली होती. बाबासाहेब बॅरिस्टर होते, गोलमेज परिषद गाजवून आलेले होते. तरीही ऐतिहासिक वास्तू पाहायला आलेला हा पाहुणा बंदुकीच्या पहाऱ्यात आत गेला.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी ही हकिकत स्वतः लिहून ठेवली आहे. आपण ती अस्पृश्यतेचा दाखला म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. पण एका गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही. ही मंडळी त्या दिवशी मोर्चा घेऊन गेली नव्हती की परिषदेला निघाली नव्हती. ती सहलीला निघाली होती. पूर्वजांनी डोंगर फोडून काय उभे केले ते डोळ्यांनी पाहावे, एवढीच त्यांची इच्छा होती. वारशाच्या ठिकाणी आलेल्या माणसाला पाहुणा मानायचे की संशयित, हा प्रश्न त्या दारात उभा राहिला होता.

पुढे बाबासाहेबांनी त्याचे उत्तर संविधानात लिहिले. अनुच्छेद १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा सर्व नागरिकांना खुल्या झाल्या. १९५८ च्या प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष कायद्याचे कलम १८ तर स्पष्टच सांगते की, नियमांच्या अधीन राहून जनतेला प्रत्येक संरक्षित स्मारकात प्रवेशाचा हक्क आहे. कायद्याने इथे मेहेरबानी, सवलत असा शब्द वापरलेला नाही, हक्क हाच शब्द वापरला आहे.

आज तिकीट खिडकीवर कुणी जात विचारत नाही हे खरे. पण म्हणून सगळे आत पोहोचतात का?

गेल्या वर्षावासात आमच्या भागातल्या महिला मंडळाची सहल एका लेणीवर गेली होती. कायद्याचा माणूस बरोबर असावा म्हणून बायांनी मलाही नेले. लेणीचे नाव देत नाही, कारण नाव बदलले तरी हकिकत तीच राहील. चाळीस जणी होत्या, निम्म्या साठीच्या पुढच्या, काही सत्तरीच्या. पोलिओमुळे पायाला कॅलिपर लावणारा एक तरुण कार्यकर्ताही होता. तिकिटाची खिडकी बंद होती. भिंतीवर क्यूआर कोड चिकटवला होता आणि डोंगराच्या कुशीत मोबाइलला रेंज नव्हती. एक मुलगा फोन वर धरून रस्त्यापर्यंत मागे चालत गेला तेव्हा तिकिटे निघाली. पाण्याची टाकी होती, तिचा नळ तुटलेला. शौचालय बांधलेले होते, त्याला कुलूप. सकाळपासून एसटीत बसलेल्या सत्तरीच्या बाईने काय करायचे? झुडपाआड जायचे, एवढेच उत्तर तिथे होते. पायऱ्यांना कठडा नाही, मध्ये टेकायला ओटा नाही. अकरा जणी खालीच राहिल्या.

तिथला पहारेकरी स्वभावाने वाईट नव्हता. कॅलिपरवाल्या आमच्या भावाला तो आपुलकीनेच म्हणाला, "दादा, तुम्ही खालीच सावलीत बसा की. वर काय आहे? नुसते दगड." त्याला दोष देऊन उपयोग नाही. तो कंत्राटावरचा कामगार, पगार तुटपुंजा. वर काय आहे हे त्याला खात्याने कधी सांगितलेच नाही, तर तो आपल्याला काय सांगणार?

मग वर काय आहे ते आपणच सांगू या.

मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. तिथले ब्राह्मी लिपीतले लेख वाचले तर दान देणाऱ्यांत मोठी नावे आहेतच, पण साधी माणसेही आहेत. कल्याणच्या स्वामिदत्त नावाच्या सोनाराने तिथे संघाला पिण्याच्या पाण्याची पोढी दिली. आणि कल्याणच्याच नंद नावाच्या एका लोहाराने काय दिले? त्याने वाट दिली. 'पथो' असा शब्द त्या लेखात आहे. डोंगरावर येणाऱ्या भिक्खूंना, उपासकांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना नीट चढता यावे म्हणून एका लोहाराने घामाच्या पैशातून वाट करून दिली आणि ते दान आहे असे समजून दगडावर कोरून ठेवले. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी ज्या समाजाने वाट आणि पाणी या गोष्टी धम्मदान मानल्या, त्याच्या वारशावर आज नळ तुटलेला आहे.

कार्ल्याच्या चैत्यगृहाचेही तसेच. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव सगळे घेतात. पण त्याच चैत्याच्या दाराचे काम करणारा धेनुकाकटचा सामिन नावाचा सुतार आणि दान देणारा सिंहदत्त नावाचा अत्तरविक्याही तिथल्या लेखांत आहेत. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणी आहेत. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा लेख आहे. तो नहपानाचा जावई, राजघराण्यातला माणूस, आणि ब्राह्मणांनाही भरपूर दाने देणारा, हे लपवायचे कारण नाही. पण त्याच लेखात त्याने काय काय केले ते पाहा. तापी, दमणा, दाहनुका अशा नद्यांवर फुकट नाव ठेवली आणि दोन्ही काठांवर बसायला मंडप व पिण्याच्या पाण्याची सोय केली. आजच्या सरकारी भाषेत याला अभ्यागत सुविधा म्हणतात आणि त्यासाठी निविदा निघतात.

आणखी मागे जायचे तर नालासोपाऱ्याला जावे लागेल. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला. त्यात मिळालेला धातुकरंडक आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. त्याच सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. हा आठवा लेख कशाबद्दल आहे? राजांच्या शिकारीच्या सहली बंद करून आपण धम्मयात्रा सुरू केली, असे अशोक त्यात सांगतो. त्या यात्रेत बोधिवृक्षाचे दर्शन आहे आणि त्याचबरोबर वृद्धांना भेटणे, त्यांना मदत देणे, खेड्यापाड्यातल्या लोकांची विचारपूस करणे हेही आहे. धम्मयात्रेच्या अगदी पहिल्या लेखात म्हातारी माणसे आहेत. आणि आपल्या सहलीत अकरा जणी पायथ्याशी बसून राहतात.

बरे, जे वर पोहोचतात त्यांचे स्वागत कसे होते? कोणत्याही संरक्षित स्मारकावर जा, पहिली भेट निळ्या पाटीशी होते. नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. २०१० च्या दुरुस्तीने ही शिक्षा वाढवली आणि वारशाचे नुकसान करणाऱ्याला ती व्हायलाच हवी, त्याबद्दल माझे दुमत नाही. पण घरी आलेल्या पाहुण्याला आपण आधी पाणी विचारतो, फौजदारी कलम सांगत नाही. दुसरी पाटी असते माहितीची. तिच्यावर चैत्यगृह, अर्धस्तंभ, हर्मिका, वेदिका असे शब्द ओळीने येतात. मराठीत लिहिलेली असली तरी ती मराठी माणसासाठी लिहिलेली नसते. ही लेणी कुणी खोदली, का खोदली, इथे राहणारे भिक्खू काय खात होते, काय शिकवत होते, पावसाळ्याचे तीन महिने एके ठिकाणी राहण्याची रीत तथागतांनी का घातली, यातले एक वाक्य त्या पाटीवर सहसा सापडत नाही. शिल्पाची उंची मात्र सेंटिमीटरपर्यंत दिलेली असते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच दिवशी पाली आणि प्राकृतलाही दिला. मराठीच्या दाव्यासाठी नाणेघाटासारख्या प्राकृत शिलालेखांचे दाखले दिले गेले, म्हणजे आपल्या डोंगरांतल्या या अक्षरांनी मराठीची वकिली केली. मग त्या अक्षरांशेजारी देवनागरीत मूळ पाठ आणि खाली साध्या मराठीत अर्थ लिहिलेली पाटी लावायला किती खर्च येतो? नंद लोहाराच्या लेखाशेजारी अशी एक पाटी लावली तर आठवीतली मुलगी ती मोठ्याने वाचेल आणि अक्षर न येणाऱ्या तिच्या आजीलाही कळेल की, आपल्यासारख्याच एका कष्टकऱ्याने ही वाट केली.

नावाचा प्रश्नही इथेच येतो. नाशिकची त्रिरश्मी लेणी लोकांच्या तोंडी पांडवलेणी झाली. लोकांनी शतकानुशतके जे नाव घेतले त्यावर खटला भरता येत नाही आणि भरूही नये. पण सरकारी फलकावर, बसथांब्यावर, पर्यटन खात्याच्या पत्रकात काय लिहायचे हे सरकारच्या हातात आहे. लेखातच डोंगराचे नाव 'तिरण्हु' असे कोरलेले असताना ते लिहायला अडचण कसली? लेण्याद्रीला बौद्ध विहारात आज गिरिजात्मज गणपती आहे, कार्ल्याच्या चैत्यासमोर एकवीरेचे देऊळ आहे. तिथे येणारा कोळी, आगरी, कुणबी भाविक आपला शत्रू नाही, तोही त्याच पायऱ्या धापा टाकत चढतो. पण ज्या भिंतींच्या आत तो उभा आहे त्या कुणी कोरल्या, हे त्याला सांगणारी ठळक पाटी लावली तर त्याच्या श्रद्धेचे काय बिघडते?

एक गोष्ट मात्र खटकते. संरक्षणाखाली घेताना जिथे पूजाअर्चा चालू नव्हती तिथे ती नव्याने सुरू करू द्यायची नाही, असे पुरातत्त्व खात्याचे धोरण आहे. कागदावर ते सर्वांना सारखे दिसते. परंतु आपल्या लेण्यांतला संघ शतकांपूर्वी उखडला गेला, वंदना थांबली, आणि म्हणून आज वंदना करता येत नाही, असा त्याचा अर्थ होतो. मेणबत्ती-अगरबत्ती नको हे अगदी मान्य. धुराने दगड काळा पडतो, अजिंठ्यासारख्या ठिकाणी तर चित्रे जातील. पण पाच मिनिटे बसून त्रिशरण-पंचशील म्हटल्याने कोणता दगड झिजतो? आमच्या बायांनी 'बुद्धं सरणं' म्हणायला सुरुवात केली आणि शिट्टी वाजली. सेल्फी काढणाऱ्यांच्या आरडाओरड्यावर त्या दिवशी एकदाही वाजली नव्हती.

आता कायद्याकडे येऊ, कारण आपल्या कार्यकर्त्यांना सगळ्यात कमी माहिती असलेला कायदा इथे सगळ्यात उपयोगाचा आहे. तो म्हणजे दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांवर दिव्यांग नोंदले गेले. वस्तीत, वाडीत, बांधकामावर, गटारात काम करणाऱ्या समाजात अपंगत्व कुठून येते आणि उपचाराअभावी ते कसे पक्के होते, हे आपल्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. तेव्हा हा फक्त दिव्यांगांच्या संघटनांचा प्रश्न आहे असे समजून बाजूला होऊ नका.

या कायद्यात 'सार्वजनिक इमारत' या शब्दाच्या व्याख्येत सरकारी आणि खाजगी, दोन्ही इमारती येतात आणि धार्मिक, सांस्कृतिक, विरंगुळ्याच्या कामासाठी लोक जिथे जातात त्या जागाही येतात. म्हणजे संग्रहालय आले, स्मारक आले, आणि आपला विहारही आला. कलम ४५ प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम १५ जून २०१७ रोजी आले. हिशेब तुम्हीच करा, मुदत जून २०२२ मध्ये संपली. कलम ८९ प्रमाणे पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत आणि त्यानंतर पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत दंड आहे. याच कायद्यात कलम २९ खाली दिव्यांगांचा इतिहास सांगणारे संग्रहालय स्थापन करण्याची तरतूद आहे, ही गोष्ट तर आमच्या बाररूममध्ये सांगितली तेव्हा कुणाला खरी वाटेना.

राजीव रतुरी हे दृष्टिबाधित गृहस्थ याच विषयावर २००५ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. १५ डिसेंबर २०१७ रोजी न्यायालयाने सरकारला सुगमतेबाबत मुदतीसह निर्देश दिले. सरकारे हलली नाहीत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, कायदा सक्तीचा असताना सरकारने केलेला नियम १५ (१) निव्वळ मार्गदर्शक सूचनांवर भागवतो, तो मूळ कायद्याशी विसंगत आहे. तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा, असा आदेश झाला. वकिलाच्या भाषेत सांगायचे तर 'करू, बघू, शक्य झाल्यास' ही भाषा न्यायालयाने मोडीत काढली. एकोणीस वर्षे लढून एका माणसाने मिळवलेला हा निकाल आपल्या लेण्यांपर्यंत नेणे हे आपले काम आहे.

यावर खात्याचे ठरलेले उत्तर असते की, वास्तू संरक्षित आहे, तिला हात लावता येत नाही. उत्तर अर्धे खरे आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पायरीवर सिमेंट ओतून रॅम्प करा असे कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण त्याच संरक्षित परिसरात तिकीटघर उभे राहते, बाग होते, लोखंडी कुंपण येते, पाहुणे मंत्री यायचे असले की रातोरात रस्ता होतो. अडचण नेमकी रॅम्पपाशीच कशी येते? दगडाला खिळा न मारता ठेवता येणारा, उद्या काढून नेता येणारा लाकडी किंवा लोखंडी रॅम्प करता येतो. कठडा पायरीपासून सुटा उभारता येतो. दर पन्नास पायऱ्यांवर टेकायला ओटा करता येतो. यातले काहीही वारशाला धक्का लावत नाही.

आणि प्रत्येक गुहेपर्यंत प्रत्येकाला नेता येणार नाही हेही मान्य करू. डोंगर हा डोंगर आहे. पण जे वर जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी पायथ्याशी काही असू नये का? लेण्यांची हाताने चाचपून पाहता येईल अशी प्रतिकृती, मोठी छायाचित्रे, कानाला लावून ऐकता येईल अशी मराठी माहिती, खुणांच्या भाषेतली चित्रफीत. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने दृष्टिबाधितांसाठी 'अनुभव' नावाचे दालन केले, तिथे शिल्पांच्या प्रतिकृती हाताने पाहता येतात. बुद्धमूर्तीची मिटलेली पापणी बोटांनी पाहणे म्हणजे काय असते हे ज्याला डोळे आहेत त्याला कळणार नाही. हे दिल्लीत होते तर कान्हेरीच्या पायथ्याशी का नाही?

अजिंठ्याचे उदाहरण तर जखमेवर मीठ चोळणारे आहे. तिथे मोठा खर्च करून अभ्यागत केंद्र बांधले, २०१३ साली ते सुरू झाले. १, २, १६ आणि १७ या क्रमांकांच्या लेण्यांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती त्यात केल्या. गुडघे गेलेल्या माणसाने पद्मपाणी पाहायचा तर यापेक्षा चांगली सोय कोणती? पण काही वर्षांतच वीज आणि पाण्याची बिले थकली आणि केंद्राला टाळे लागल्याच्या बातम्या छापून आल्या. इमारत बांधायला पैसा मिळतो, नळाला पाणी आणि दिव्याला वीज द्यायला मिळत नाही, कारण बिल भरल्याचे उद्घाटन करता येत नाही.

अजिंठ्याला चालता न येणाऱ्यांसाठी डोली मिळते. चार माणसे खुर्ची खांद्यावर घेऊन चढतात. त्या माणसांच्या पोटावर पाय द्यायचा माझा हेतू नाही, त्यांचे दर, विमा, विसावा याची लेखी व्यवस्था झाली पाहिजे. पण दिव्यांग माणसाने बुद्धाला भेटायचे ते दुसऱ्या कष्टकऱ्याच्या मानेवर बसूनच, ही एकमेव सोय म्हणून मला पटत नाही. आमच्या त्या कॅलिपरवाल्या कार्यकर्त्याला विचारले तर तो म्हणाला, "वकीलसाहेब, मला उचलू नका, मला धरायला काहीतरी द्या."

काहीच झाले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. कान्हेरीत २०२२ च्या बुद्धपौर्णिमेला अभ्यागतांसाठीच्या नव्या सुविधांचे उद्घाटन झाले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने बसमध्ये फिरते संग्रहालय करून ते गावोगावच्या शाळांपर्यंत नेले. ज्याला संग्रहालयात येता येत नाही त्याच्याकडे संग्रहालयाने जायचे, ही कल्पना आपल्या संस्थांनी उचलण्यासारखी आहे.

आपल्या संस्थांचा विषय निघालाच आहे तर तेही बोलू. नागपूरजवळच्या चिचोलीला शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू आहेत. पुण्यात सिम्बायोसिसच्या संग्रहालयात माईसाहेबांनी दिलेल्या वस्तू आहेत. दादरला राजगृह आहे. ही ठिकाणे आपल्या माणसांनी जीव लावून जपली. पण गावोगावच्या आपल्या विहारांचे काय? लग्नाचा हॉल तळमजल्यावर आणि बुद्धमूर्ती पहिल्या मजल्यावर, तिथे जायला लोखंडी अरुंद जिना, अशी बांधणी मी कितीतरी ठिकाणी पाहिली. आयुष्यभर वर्गणी गोळा करून ज्या बाईने विहार उभा केला, तिला म्हातारपणी खालूनच हात जोडावे लागतात. पुरातत्त्व खात्याला नोटीस देण्याआधी हा जिना आपण पाडू शकतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

सुविधा कुणाला विचारून करायच्या हा त्याहून मोठा प्रश्न. २०२४ च्या जुलैत दीक्षाभूमीवर भूमिगत वाहनतळाच्या कामाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला काम थांबवावे लागले. काम येणाऱ्यांच्या सोयीसाठीच आहे असे सांगितले जात होते. पण धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर येणारा बहुसंख्य माणूस मोटारीने येतो का? तो रेल्वेने, एसटीने, ट्रॅक्टरने येतो, मैलभर चालतो. त्याला विचारले असते तर त्याने पाणी, सावली, शौचालय आणि रात्री पाठ टेकायला जागा मागितली असती.

आणि पाहुणा कुणाला म्हणायचे हा दौलताबादच्या दारातला प्रश्न साता समुद्रापारही गेला. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब लंडनला ज्या घरात राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. तिथे संग्रहालय करायला कॅम्डेनच्या स्थानिक कौन्सिलने परवानगी नाकारली. येणाऱ्या लोकांचा त्रास होतो, अशी शेजारच्या काही रहिवाशांची तक्रार होती. चौकशी झाली, वकील उभे राहिले आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्याने संग्रहालयाला मान्यता दिली. दादरला ६ डिसेंबरला काय वेगळे ऐकू येते? इतर ठिकाणी लाखो लोक आले की वृत्तपत्रे त्याला भक्तीचा महापूर म्हणतात. आपला माणूस पोराबाळांसह चैत्यभूमीवर आला की तो गर्दी होतो, वाहतुकीचा खोळंबा होतो.

तेव्हा कामाला लागण्यासारखे एक काम सुचवतो. प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी आपल्या जवळची एक लेणी किंवा एक संग्रहालय निवडावे. बरोबर एक वृद्ध उपासिका, एक दिव्यांग व्यक्ती आणि एक शाळकरी मूल घेऊन तिथे एक दिवस घालवावा. कोण कुठे अडले ते तारीख-वेळेसह लिहावे, फोटो काढावेत. मग त्या मंडळाच्या अधीक्षक पुरातत्त्वविदाच्या कार्यालयात माहिती अधिकारात अर्ज करावा. २०१६ च्या कायद्याप्रमाणे या स्मारकाची सुगमता तपासणी कधी झाली, अहवालाची प्रत द्या. रॅम्प, कठडा, पिण्याचे पाणी, शौचालय आणि मराठी व ब्रेल फलक यांवर गेल्या पाच वर्षांत वर्षवार किती खर्च झाला. तिकीट विक्रीतून किती जमा झाले. रोख तिकीट बंद करण्याचा लेखी आदेश कोणता. उत्तर हाती आले की ते जोडून पुण्याच्या राज्य दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे किंवा दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे तक्रार करता येते, त्यासाठी वकील लागत नाही. एक सूचना मात्र ध्यानात ठेवा. राज्याच्या कार्यालयांना दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप चालतो, पुरातत्त्व सर्वेक्षण हे केंद्राचे खाते आहे, तिथे दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडावी लागते. याच एका कारणाने आपले अर्ज परत येतात. अर्जदार दारिद्र्यरेषेखालील असेल तर दाखल्याची प्रत जोडा, त्याला तेही दहा रुपये लागत नाहीत.